शिक्षण आधी की समृद्धी आधी: इतिहासातील पुराव्यांवरून एक उत्तर

तुम्ही विचारले आहे की, शिक्षणामुळे देश श्रीमंत होतात असे सगळीकडे सांगितले जात असले, तरी औद्योगिक क्रांती झाली तेव्हा इंग्लंडमधील जवळजवळ निम्मी प्रजा निरक्षर होती; उलट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कितीतरी गरीब देशांनी शाळांचे जाळे उभारले, पण त्यांचे उत्पन्न त्या प्रमाणात वाढले नाही. मग मानवी भांडवल, म्हणजे माणसांनी शिकून मिळवलेले ज्ञान आणि कसब, हे आर्थिक वाढीचे कारण मानायचे की तिचे फळ? शिवाय एखाद्या देशाजवळ पैसा मर्यादित असेल, तर त्याने आधी प्राथमिक शाळा काढाव्यात की विद्यापीठे, असेही तुम्ही विचारले आहे. मी आर्थिक इतिहास शिकवते आणि माझ्या कामाचा बराचसा भाग जुन्या नोंदवह्यांवरून साक्षरतेचे अंदाज बांधण्यात जातो, त्यामुळे तुमच्या दोन्ही आक्षेपांशी माझा नेहमीचा परिचय आहे. दोन्ही आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहेत. त्यांवरून शिक्षण हे निव्वळ समृद्धीचे फळ आहे, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र मला पटत नाही.

अडचण अशी आहे की अक्षरओळख, कारागिराच्या हातातले कसब, प्रयोगशाळेत मिळालेले शास्त्रीय ज्ञान आणि प्रमाणपत्रावर नोंदलेली शाळेची वर्षे, या चारही गोष्टी आपण ‘शिक्षण’ या एकाच नावाखाली मोजतो. वेगवेगळ्या शतकांत उत्पादनाला यांपैकी वेगवेगळ्या गोष्टींची गरज पडली. माझे मत असे आहे की, उत्पादनाच्या पद्धती बदलत असतात आणि शिकलेल्या माणसाला त्या बदलात शिरण्याची वाट मोकळी असते, तेव्हा शिक्षण आर्थिक वाढीला खरोखर बळ देते. पद्धती जिथे पिढ्यान्‌पिढ्या तशाच राहतात, किंवा वाट बंद असते, तिथे शिक्षणाने माणसाचे आयुष्य सुधारते, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत त्याचा ठसा फारसा दिसत नाही.

आता तुमचा पहिला आक्षेप पाहू. इंग्लंडमध्ये १७५३ साली झालेला आणि मार्च १७५४ पासून अमलात आलेला विवाहविषयक कायदा आमच्या क्षेत्राला फार उपयोगी पडला आहे, कारण त्याने वधू, वर आणि दोन साक्षीदार यांनी चर्चच्या नोंदवहीत सही करणे बंधनकारक केले. ज्याला सही येत नसे तो फुली मारी, आणि लिहिणारा तिच्या बाजूला ‘ही अमक्याची खूण’ असे नोंदवून ठेवी. अशी पाने वाचताना सह्यांमधला फरकही डोळ्यांत भरतो. एखादी सही सराईत हाताने एका दमात केलेली असते, तर तिच्याच खाली दुसऱ्या कोणी एकेक अक्षर सुटे, कमीजास्त उंचीचे, चित्र काढावे तसे काढलेले असते. त्या काळी वाचन आधी आणि लेखन नंतर शिकवत असल्यामुळे फुली मारणाऱ्यांपैकी काहींना छापील मजकूर वाचता येत असणार, आणि सही करणाऱ्या सर्वांना पत्र लिहिता येत होते असेही म्हणता येत नाही. या मर्यादा लक्षात घेऊनही एकूण चित्र स्पष्ट आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास सुमारे ६० टक्के वर आणि जेमतेम ४० टक्के वधू सही करू शकत होत्या. १८४० च्या सुमारास हे प्रमाण साधारण दोन तृतीयांश आणि निम्मे असे झाले. दरम्यान सूतगिरण्या, वाफेची इंजिने आणि आगगाड्या हे सर्व आलेले होते. सुमारे नऊ दशकांत साक्षरता इतकी थोडीच वाढली, आणि लँकेशायरच्या गिरणीच्या काही गावांत तर ती काही काळ घसरली, कारण मुले शाळेऐवजी कामावर जाऊ लागली.

म्हणजे सार्वत्रिक साक्षरतेने औद्योगिक क्रांती घडवली असे म्हणता येणार नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण त्यावरून मानवी भांडवलाचा तिच्याशी संबंध नव्हता असे ठरत नाही. ते भांडवल सह्यांच्या टक्केवारीत सापडत नाही, कारण ते थोड्या लोकांच्या हातात एकवटलेले होते. जेम्स वॉट हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणे बनवणारा कारागीर होता. वाफेच्या इंजिनात स्वतंत्र संघनक, म्हणजे वापरलेली वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे, बसवण्याची कल्पना त्याला १७६५ साली सुचली, पण ती मोठ्या इंजिनात उतरायला जवळपास दशक लागले, कारण वाफ निसटू न देण्याइतका अचूक सिलिंडर कोणालाच घडवता येत नव्हता. जॉन विल्किन्सनने तोफांच्या नळ्या कोरण्यासाठी १७७४ साली जे यंत्र बनवले, त्यामुळे तसा सिलिंडर मिळू शकला. एका माणसाची कल्पना आणि दुसऱ्याचे धातूवरचे कसब यांची गाठ पडली नसती, तर ते इंजिन खाणींवर पोहोचायला आणखी किती काळ लागला असता हे सांगता येत नाही. असे घड्याळजी, लोहार, चक्क्यांची यंत्रे बसवणारे कारागीर आणि उपकरणे बनवणारे लोक उमेदवारीच्या पद्धतीतून तयार होत. ते शाळेच्या पटावर नव्हते, पण वर्षानुवर्षे शिकत होते. ज्यांना २०२५ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला, त्या जोएल मोकीर यांनी या उपयुक्त ज्ञानाच्या अभ्यासावर मोठा भर दिला आहे. फ्रान्समध्येही असाच पुरावा मिळतो. अठराव्या शतकात दिदरो यांनी संपादित केलेल्या विश्वकोशाचे वर्गणीदार ज्या शहरांत जास्त होते, ती शहरे औद्योगिकीकरण सुरू झाल्यावर अधिक वेगाने वाढली. सर्वसाधारण साक्षरतेचा त्या वेगाशी तसा संबंध आढळला नाही, असे मारा स्क्विचारीनी आणि निको फॉइग्टलेंडर यांनी २०१५ साली दाखवले.

एकाच कुटुंबात हे स्थित्यंतर पाहायचे असेल तर जॉर्ज स्टीफन्सनकडे पाहावे. खाणीवर काम करणाऱ्या या माणसाला अठराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हते. मग तो पैसे भरून रात्रीच्या शाळेत जाऊ लागला. मुलगा रॉबर्ट याला मात्र त्याने चांगल्या शाळेत घातले आणि पुढे काही महिने एडिंबरा विद्यापीठातही पाठवले. वडिलांचा हात यंत्रावर बसलेला होता, पण पुढच्या पिढीला आकडेमोड, आराखडे आणि शास्त्र यांच्याशिवाय चालणार नाही, हे त्यांना स्वतःच्या उणिवेतूनच उमगले असावे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही गरज संपूर्ण उद्योगांना भासू लागली, आणि याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण कृत्रिम रंगांचे आहे. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला लंडनमध्ये डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग करताना जांभळा रंग सापडला. त्याचे गुरू आउगुस्ट विल्हेल्म होफमान हे जर्मन होते आणि ते १८६५ साली बर्लिनला परतले. शोध ब्रिटनमध्ये लागला होता, डांबर पुरवणारा कोळसा तिथे मुबलक होता आणि रंग विकत घेणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कापडगिरण्याही तिथेच होत्या. तरी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर जगातील कृत्रिम रंगांच्या उत्पादनापैकी चार पंचमांशांहून अधिक उत्पादन जर्मन कंपन्यांच्या हातात होते. बायर आणि होक्स्ट या कंपन्या १८६३ साली, तर बीएएसएफ १८६५ साली स्थापन झाली. त्यांनी विद्यापीठांतून शिकून आलेले रसायनतज्ज्ञ पगारी नोकर म्हणून ठेवले आणि कारखान्यातच संशोधनाच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८८० साली नीळ प्रयोगशाळेत तयार केली, पण ती परवडणाऱ्या किमतीत बाजारात आणायला बीएएसएफला १८९७ साल उजाडले. मधली सतरा वर्षे पगार घेत फसलेले प्रयोग पुन्हा करणाऱ्या माणसांचा ताफा बाळगणे हेच त्या देशाचे भांडवल होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत भारतातील नैसर्गिक निळीची निर्यात कोसळली. जर्मनीच्या यशामागे पेटंटच्या कायद्यातील फरकांसारखी इतरही कारणे होती, आणि ती वगळून सगळे श्रेय विद्यापीठांना देणे योग्य ठरणार नाही. तरीही एकामागून एक तयार रसायनतज्ज्ञ मिळत राहिले नसते, तर त्या कायद्यांचा फायदा घ्यायला कोणी नसते.

जर्मनीतील शाळांचा पाया त्याहून जुना होता. प्रशिया या जर्मन राज्यात राजा फ्रेडरिक दुसरा याने १७६३ साली ग्रामीण शाळांसाठी सक्तीचा नियम केला. त्याची अंमलबजावणी अनेक दशके अपुरीच राहिली, पण १८१६ च्या सुमारास, म्हणजे तिथे औद्योगिकीकरण सुरू होण्यापूर्वी, काही जिल्ह्यांत बहुतेक मुले शाळेत जात होती आणि काहींत फार थोडी. ‘कारण की फळ’ या तुमच्या प्रश्नासाठी ही स्थिती मोलाची आहे, कारण कारखाने यायच्या आधीच्या शाळा या कारखान्यांचे फळ असू शकत नाहीत. साशा बेकर, एरिक होर्नुंग आणि लुडगर व्योसमान यांनी ही आकडेवारी तपासली, तेव्हा १८१६ साली ज्या जिल्ह्यांत शालेय शिक्षण अधिक होते, तिथे १८४९ आणि १८८२ या दोन्ही वर्षी कापडाखेरीज इतर उद्योगांतील रोजगार अधिक आढळला. कापडउद्योगात मात्र असा संबंध नव्हता. इंग्लंडचा अनुभव आणि हा अनुभव यांत मला विरोध दिसत नाही. इंग्लंड नवी यंत्रे शोधत होते आणि त्यासाठी थोडे असामान्य कारागीर पुरेसे होते. प्रशियाला दुसऱ्याची यंत्रे समजून घेऊन, दुरुस्त करून, आपल्या कच्च्या मालाला जुळवून घ्यायची होती, आणि हे काम गावोगावच्या असंख्य माणसांनी करायचे होते.

मागून येणाऱ्या देशाला साक्षरतेचा पाया रुंद लागतो, हे जपानमध्ये आणखी ठळकपणे दिसते. १८६८ साली मेइजी राजवटीच्या आरंभीच्या शपथेत जगभरातून ज्ञान मिळवण्याचे ध्येय होते, आणि १८७२ च्या शिक्षणविषयक आदेशात ५३,७६० प्राथमिक शाळांची योजना होती. हे जपानच्या इतिहासात अगदी शून्यातून उगवले नव्हते, कारण त्याआधीच्या तोकुगावा काळातच गावागावांत छोट्या खासगी शाळा होत्या आणि पुरुषांत साक्षरता लक्षणीय होती. तरी नवीन शाळा लोकांना जड गेल्या. फी भरावी लागे, शेतावरचे लहान हात कमी होत, आणि १८७३ मध्ये काही ठिकाणी संतप्त शेतकऱ्यांनी शाळा जाळल्याही. १९०० साली फी रद्द झाली आणि त्यानंतरच्या दशकात जवळजवळ सर्व मुलामुलींची नावे पटावर आली. याच सुमारास वरच्या स्तरावरही काम चालू होते. १८७३ साली हेन्री डायर या स्कॉटिश अभियंत्याच्या नेतृत्वाखाली अभियांत्रिकीचे महाविद्यालय सुरू झाले आणि भरमसाठ पगारांच्या परदेशी तज्ज्ञांची जागा जपानी अभियंते क्रमाक्रमाने घेऊ लागले. अमेरिकेने पुढच्या टप्प्यावर माध्यमिक शिक्षणात अशीच आघाडी घेतली. १९१० साली अठरा वर्षांच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे नऊ माध्यमिक शाळा पूर्ण करत होती, १९४० पर्यंत सुमारे निम्मी करू लागली.

आता कार्यकारणभावाकडे वळते, कारण इतिहासातील उदाहरणे आपल्याला हवी तशी निवडता येतात हा धोका नेहमी असतो. १९५७ साली अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी दाखवले की १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेतील दर श्रमतासामागील उत्पादनात झालेल्या वाढीपैकी सुमारे सात अष्टमांश वाढीचा हिशेब यंत्रे आणि इमारती यांच्या वाढीने लागत नाही. या उरलेल्या भागाचा मागोवा घेताना थिओडोर शुल्ट्झ यांनी अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढील १९६० च्या अध्यक्षीय भाषणात माणसावर केलेला खर्च ही गुंतवणूक मानावी असा आग्रह धरला, आणि गॅरी बेकर व जेकब मिन्सर यांनी तिचा परतावा मोजण्याची पद्धत घडवली. अनेक देशांत शाळेच्या एका वाढीव वर्षामागे कमाई सरासरी आठ-दहा टक्क्यांनी जास्त आढळते. पण मुळात हुशार किंवा सधन घरातली मुलेच जास्त शिकत असतील तर? किंवा मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडल्याप्रमाणे पदवी ही केवळ नोकरी देणाऱ्याला पटवणारी खूण असेल तर? इंडोनेशियाने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. त्या कुठे आणि कधी उघडल्या याचा उपयोग करून एस्थेर ड्यूफ्लो यांनी दाखवले की त्यांमुळे वाढलेल्या शिक्षणाने पुढे वेतनही खरोखर वाढले. त्यामुळे व्यक्तीच्या पातळीवर मला फारशी शंका उरलेली नाही. देशाच्या पातळीवर मात्र उलट दिशेचा परिणामही मोठा असतो. वाढीची चाहूल लागली की आईबाप मुलांना जास्त शिकवतात, आणि मार्क बिल्स व पीटर क्लेनो यांच्या २००० सालच्या हिशेबानुसार देशोदेशींच्या शिक्षणाचा आणि वाढीचा जो संबंध दिसतो, त्याचा एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग शिक्षणाकडून वाढीकडे जाणाऱ्या परिणामाने समजावता येत नाही. म्हणून तुमच्या ‘कारण की फळ’ या प्रश्नाला ‘दोन्ही’ असेच उत्तर द्यावे लागते.

दुसरा आक्षेप लँट प्रिचेट यांनी २००१ साली आकड्यांनिशी मांडला होता. १९६० नंतर विकसनशील देशांत शिक्षण झपाट्याने वाढले, पण ज्या देशांत ते अधिक वाढले तिथे दर कामगारामागील उत्पादन अधिक वाढले असे काही दिसले नाही. याची कारणे देशागणिक वेगळी आहेत. काही ठिकाणी मुले शाळेत होती, पण शिकत नव्हती. एरिक हानुशेक आणि व्योसमान यांनी आंतरराष्ट्रीय चाचण्यांतील गुण हिशेबात घेतले, तेव्हा आर्थिक वाढीशी त्या गुणांचा संबंध घट्ट निघाला आणि केवळ शाळेच्या वर्षांचा संबंध जवळपास नाहीसा झाला. काही ठिकाणी शिक्षण चांगले होते, पण त्याचा उपयोग करायला वाट नव्हती. सोव्हिएत संघ याचे मोठे उदाहरण आहे. त्याआधीच्या रशियन साम्राज्याच्या १८९७ च्या जनगणनेत नऊ ते एकोणपन्नास वयोगटातील तीस टक्क्यांहून कमी लोक साक्षर होते, १९३९ मध्ये हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास गेले, आणि पुढे अभियंत्यांची प्रचंड फौज तयार झाली. तरी १९७० नंतर तिथली वाढ मंदावत गेली, कारण नवी पद्धत शोधणाऱ्या कारखान्याला तिचा लाभ मिळेल अशी रचनाच नव्हती.

आणि काही ठिकाणी शिकलेल्या माणसाला वापरायला नवे काही नव्हते. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रिचर्ड नेल्सन आणि एडमंड फेल्प्स यांनी १९६६ सालीच म्हटले होते की शिक्षणाचा खरा उपयोग बदलते तंत्र आत्मसात करताना होतो. भारतातील हरितक्रांतीच्या काळाची आकडेवारी तपासून अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी याला भक्कम पुरावा दिला: ज्या भागांत नव्या बियाण्यांना जमीन आणि पाणी अनुकूल होते, तिथे प्राथमिक शिक्षणाचा परतावा वाढला. शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर हे लगेच कळते. परंपरागत वाण पेरताना वडिलांचा अनुभव पुरतो आणि निरक्षर शेतकरी साक्षरापेक्षा काही कमी पिकवत नाही. बुटका गहू पेरताना मात्र खत किती आणि कधी द्यायचे, पहिले पाणी कोणत्या आठवड्यात सोडायचे, मागच्या हंगामात काय चुकले, हे सगळे नव्याने ठरवावे लागते आणि वडिलांच्या अनुभवात त्याचे उत्तर नसते. तिथे माहितीपत्रक वाचू शकणारा आणि हिशेब ठेवू शकणारा माणूस पुढे जातो, आणि शेजारी त्याचे पाहून शिकतात.

एवढे असूनही गरिबांच्या शाळा इतक्या उशिरा का आल्या, या प्रश्नाकडे अर्थशास्त्रज्ञांनी दुर्लक्ष करू नये असे मला मनापासून वाटते. १८०७ साली इंग्लंडच्या संसदेत सॅम्युअल व्हिटब्रेड यांनी गावोगावी शाळा काढण्याचे विधेयक मांडले, तेव्हा डेव्हिस गिडी या सभासदाने असा युक्तिवाद केला की शिक्षणाने कष्टकरी आपल्या वाट्याला आलेल्या स्थितीचा तिरस्कार करू लागतील. ते विधेयक लॉर्डांच्या सभागृहात फेटाळले गेले. सर्वत्र प्राथमिक शाळा उभारण्याचा कायदा १८७० मध्ये आला, उपस्थितीची सक्ती १८८० मध्ये, आणि बहुतेक शाळांतील फी १८९१ मध्ये रद्द झाली. या मधल्या काळात इंग्लंडचे उत्पन्न वाढतच होते, म्हणून त्या विलंबाची किंमत वाढीच्या दरात दिसत नाही. ती किंमत फुली मारणाऱ्यांच्या आयुष्यात मोजावी लागते.

राहता राहिला प्राथमिक शाळा की विद्यापीठे हा प्रश्न. देश तंत्रज्ञानाच्या आघाडीपासून जितका दूर, तितके व्यापक प्राथमिक आणि मग माध्यमिक शिक्षण अधिक फलदायी, आणि आघाडीच्या जितके जवळ, तितके संशोधन महत्त्वाचे, असे मी सर्वसाधारणपणे म्हणेन. दक्षिण कोरियाने १९४५ मधील सुमारे २२ टक्के साक्षरतेपासून सुरुवात करून आधी प्राथमिक, मग माध्यमिक आणि शेवटी उच्च शिक्षण जवळपास सर्वांपर्यंत नेले, आणि १९६० नंतरच्या निर्यातप्रधान उद्योगांना त्या त्या टप्प्यावर लागणारी माणसे मिळत गेली. पण हा क्रम प्रत्येक देशाला जसाच्या तसा लागू होईल असे नाही. तिथे शेतजमिनीचे फेरवाटप झाले होते, बाहेरच्या बाजारपेठा खुल्या होत्या, आणि या गोष्टी नसतील तर तीच शाळा वेगळे फळ देईल. शिवाय दोन्ही स्तर एकमेकांपासून तोडता येत नाहीत, कारण प्राथमिक शाळेत शिकवणारा शिक्षक वरच्या स्तरावरच तयार होतो. जपानने १८७२ साली हजारो शाळांची योजना जाहीर केली, त्याच वर्षी टोकियोत शिक्षक तयार करणारी संस्था काढली आणि वर्गात एकाच वेळी अनेक मुलांना कसे शिकवायचे हे दाखवण्यासाठी मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाला नेमले. तुम्ही ज्या देशाचा विचार करत असाल, त्याच्या बाबतीत शाळांची संख्या पाहण्याआधी तिथले शिक्षक कुठे आणि किती वर्षे शिकून येतात, आणि तिसरी-चौथीतले मूल साधा परिच्छेद वाचू शकते का, हे पाहा. या दोन गोष्टींवरून त्या देशाने शिक्षणात घातलेला पैसा पुढे उत्पन्नात उतरण्याची शक्यता कितपत आहे, याचा बराच चांगला अंदाज येतो.